लहान माशाची सुरी

जपानी स्वयंपाकघरात मोठ्या माशाचं काम दोन सुऱ्यांमध्ये वाटलेलं असतं. डोकं तोडायला आणि काटा सोडवायला जाड, वजनदार पात्याची देबा. सोडवलेल्या मांसाच्या पातळ चकत्या काढायला लांब, अरुंद यानागिबा. पहिलीत जोर आहे, दुसरीत नजाकत. पण मासा वीतभराचाच असेल तर ही वाटणी कोलमडते. त्याच्या मानेवर मोठी देबा ठेवली तर अर्धं मांस चिरडून जातं. यानागिबाने त्याचा कणा तोडायला गेलं तर तिच्या नाजूक धारेचे टवके उडतात. लहान माशालाही कवटी असते, कणा असतो, फासळ्या असतात आणि काट्यांना चिकटलेलं मऊ मांस असतं. त्याला जोरही लागतो आणि नजाकतही, आणि तीही बोटाच्या पेरांएवढ्या जागेत.

या अडचणीला जपानी कारागिरांनी दिलेलं उत्तर म्हणजे अजिकिरी, म्हणजे अजी नावाचा मासा कापायची सुरी. पातं साधारण 9 ते 12 सेंटिमीटर लांब, मुठीजवळ पाठीची जाडी 3 ते 5 मिलिमीटर, आणि टोकाकडे जाता जाता ती निमुळती आणि पातळ होत गेलेली. धार एकाच बाजूने दिलेली. हिची सख्खी बहीण म्हणजे को-देबा, देबाचं लहान रूप. अजिकिरी तिच्याहून थोडी सडपातळ. दुकानात दोन्ही नावं कधीकधी एकाच सुरीला लावलेली दिसतात, कारण दोघींचं काम एकच: लहान मासा खवल्यांपासून ताटापर्यंत एकाच पात्यावर तयार करणं. मोठ्या माशासाठी जे दोन पात्यांत विभागलं, ते इथे एका पात्यात परत आणलं आहे. ते कसं आणलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

मासा आधी, सुरी नंतर

अजी हा जपानच्या किनाऱ्यावरचा रोजचा, परवडणारा मासा. पाठ हिरवट-करडी, पोट चांदीसारखं, लांबी बहुधा 15 ते 25 सेंटिमीटर. वर्षभर मिळतो, पण उन्हाळ्याच्या सुरुवातीचा अजी चवीला सर्वांत चांगला मानतात. आपल्या किनाऱ्यावर मिळणारा कटबांगडा याच्याच कुळातला. या कुळातल्या अनेक माशांच्या अंगावर एक खूण असते: कुशीवरून शेपटीकडे जाणारी कडक, टोकदार खवल्यांची ओळ. अजीच्या अंगावर ती कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत जाते आणि शेपटीपाशी करवतीच्या दात्यांसारखी बोटाला टोचते. जपानीत तिला झेइगो म्हणतात. साधी खवलं पात्याने खरवडून निघतात. झेइगो तशी निघत नाही, ती तासून काढावी लागते.

हा मासा खाण्याच्या तऱ्हाही अनेक. अगदी ताजा असेल तर कच्च्या चकत्या. बारीक चिरून आलं आणि कांद्याची पात घातली की तो ताताकी. तोक्योच्या पूर्वेला बोसो द्वीपकल्प आहे. तिथल्या कोळ्यांचा खास पदार्थ नामेरो: अजी, मिसो, आलं आणि कांद्याची पात एकत्र करून सुरीनेच इतकं चेचायचं की मिश्रण चिकट व्हावं. हे होडीतही करता येतं, कारण चूल लागत नाही. पाठीकडून उघडून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळला की अजी फ्राय. पोटाकडून उघडून, खारवून वाळवला की हिमोनो, आणि त्यासाठी शिझुओका प्रांतातलं नुमाझु हे बंदर प्रसिद्ध आहे. तळून आंबट पाण्यात मुरवला की नानबान-झुके. उरलेला मधला काटासुद्धा कुरकुरीत तळून खातात.

प्रत्येक पदार्थासाठी मासा वेगळ्या तऱ्हेने उघडावा लागतो, पण सुरी बदलत नाही. म्हणूनच तिच्या अंगाचा प्रत्येक भाग निरनिराळ्या कामासाठी निरनिराळा घडवलेला असतो. मुठीजवळचा जाड भाग कवटी आणि कण्यासाठी, मधला भाग मांस सोडवण्यासाठी, आणि सुईसारखं टोक पोट उघडायला, कल्ले उपटायला, आतड्याची गाठ ओढून काढायला.

एका बाजूची धार

आपल्या घरातल्या बहुतेक सुऱ्यांना दोन्ही बाजूंनी उतार असतो आणि धार बरोबर मध्ये येते. अजिकिरीची रचना सुताराच्या पटाशीसारखी आहे: एक अंग सपाट, दुसऱ्या अंगाला उतार. उजव्या हाताच्या सुरीत हा उतार उजवीकडे असतो. पात्याच्या मधून जाणारी एक स्पष्ट रेघ दिसते, तिला शिनोगी म्हणतात. रेघेच्या वर पातं सपाट, रेघेखाली रुंद उतार, आणि उताराच्या शेवटी धार. समजा दुतर्फा सुरीला प्रत्येक बाजूने 15 अंशांचा उतार दिला, तर धारेपाशी एकूण कोन 30 अंशांचा होतो. तोच उतार एका बाजूलाच दिला तर कोन 15 अंशांवरच राहतो. धार तीक्ष्ण असण्याचं पहिलं कारण हे.

डावीकडच्या सपाट अंगाला उरा म्हणतात. ते दिसतं सपाट, पण असतं किंचित खोलगट. पात्याच्या कडेने एक अरुंद पट्टी सपाट ठेवलेली असते आणि आतला भाग घासून खोल केलेला असतो. या खोलगटपणाचे दोन फायदे आहेत. ओलं, चिकट मांस पात्याला पूर्णपणे चिकटत नाही, कारण मध्ये थोडी हवा राहते. आणि धार लावताना पातं दगडावर उताणं ठेवलं की दगडाला फक्त कडेची पट्टी टेकते. त्यामुळे मागची बाजू अचूक सपाट ठेवणं सोपं जातं. जपानी सुतारांच्या पटाश्या आणि रंध्याची पातीही याच तत्त्वावर घडवलेली असतात.

एका बाजूच्या धारेचा एक स्वभाव नवशिक्याला बुचकळ्यात टाकतो. सरळ खाली कापायला गेलं तरी पातं डावीकडे सरकतं. उताराच्या बाजूने पदार्थ पात्याला ढकलत असतो आणि दुसऱ्या बाजूने तो जोर झेलायला तसाच उतार नसतो. दुधी किंवा बटाटा उभा चिरताना हा दोषच वाटेल. मासा सोडवताना मात्र हाच असमतोल उपयोगी पडतो.

उजव्या हातात सुरी आडवी धरून धार डावीकडे केली की उताराचं अंग आपोआप खाली येतं, म्हणजे माशाच्या काट्यांकडे. तो रुंद उतार काट्यांवर टेकवून पुढे सरकवत न्यायचा. उतार काट्यांवर बसलेला असल्यामुळे धार काट्यात रुतत नाही, त्यांच्या अंगाअंगाने घसरत जाते. काट्यावर मांस राहत नाही आणि मांसात काट्याचे तुकडेही येत नाहीत. डावखुऱ्या माणसाला याची आरशातली प्रतिमा लागते. अशा सुऱ्या वेगळ्या घडवाव्या लागतात, कमी घडतात आणि महाग पडतात.

पाटावर

अनुभवी हात अजी कसा साफ करतो ते पाहिलं की पात्याचा आकार उलगडत जातो.

मासा पाटावर, डोकं डावीकडे. आधी झेइगो. पातं शेपटीपाशी जवळजवळ आडवं टेकवायचं आणि करवतीसारखं मागेपुढे करत डोक्याकडे न्यायचं. कडक खवल्यांची पट्टी लांब सालीसारखी निघून येते. पातं जरा जास्त तिरपं झालं तर मांसही सोलून येतं, फार कमी तिरपं राहिलं तर ते वरूनच घसरतं. त्यानंतर बाकीची खवलं शेपटीकडून डोक्याकडे खरवडायची. मग छातीच्या पराच्या मागे पातं तिरपं ठेवून एका बाजूने कण्यापर्यंत, मासा उलटून दुसऱ्या बाजूने कण्यापर्यंत कापायचं, आणि शेवटी मुठीजवळच्या जाड भागावर जोर देऊन कणा तोडायचा. लहान माशाचा कणा एका दाबात तुटतो. पातं आपटावं लागत नाही.

टोकाने पोट उघडायचं, आतलं सगळं बाहेर काढायचं, कण्याच्या खालच्या अंगाला असलेलं काळसर रक्त खरवडायचं आणि आतून स्वच्छ धुवायचं. त्यानंतर मासा कोरडा करायचा. हे जपानी आचारी आवर्जून करतात, कारण पुढचं सगळं काम पाण्याशिवाय व्हायला हवं, नाहीतर मांस पाणी पितं आणि चव उतरते.

आता सान्माई-ओरोशी, म्हणजे माशाचे तीन भाग: दोन बाजूंचं मांस आणि मधला काटा. पोट स्वतःकडे ठेवून शेपटीपर्यंत काप घ्यायचा, आधी उथळ, मग त्याच रेषेत खोल, कण्याला टेकेपर्यंत. मासा फिरवून पाठीकडूनही तसंच. दोन्ही काप कण्यापाशी भेटले की शेपटीकडून पातं घालून मांस कण्यावरून उचलून घ्यायचं. या वेळी काटे डोळ्यांना दिसत नसतात. पातं एकेका काट्यावरून जाताना हलकी टकटक होते आणि ती मुठीतून बोटांना जाणवते. टकटक थांबली तर पातं वर गेलं, मांस काट्यावर राहणार. पातं अडकलं तर ते खाली गेलं, काटा कापला जाणार. पात्याची लांबी, जाडी आणि वजन या जाणिवेसाठी बेतलेलं आहे. दुप्पट लांब, तिप्पट जड सुरीत इतक्या बारीक काट्यांचा स्पर्श हरवून जातो.

शेवटी फासळ्यांचे काटे पात्याने तिरपे तासून काढायचे, मधले बारीक काटे चिमट्याने ओढायचे आणि डोक्याच्या बाजूने वरची पातळ कातडी हातानेच सोलायची. ती सुटली की खाली चांदीसारखा थर तसाच राहतो. सवयीच्या हाताला हे सगळं दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

लोखंड आणि पोलाद

अशा सुऱ्या घडवणारी गावं जपानमध्ये अनेक आहेत: सेकी, साञ्जो, एचिझेन, तोसा. पण एका बाजूच्या धारेच्या सुऱ्यांचं माहेर म्हणजे ओसाकाजवळचं साकाई. इथली लोहारकी पाचव्या शतकापर्यंत मागे जाते. त्या काळी इथे प्रचंड राजसमाध्या उभारल्या गेल्या आणि त्यासाठी लोखंडी अवजारं लागली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर जपानमध्ये तंबाखू आली. तिची पानं केसासारखी बारीक चिरायला विशेष सुरी हवी होती. साकाईच्या लोहारांनी ती घडवली, आणि पुढे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीने त्या सुऱ्यांवर गुणवत्तेचा खास ठसा मारायची परवानगी दिली. त्याच राजवटीत, एदो काळात, साकाईत देबा रूपाला आली. 1684 सालच्या ‘साकाई कागामी’ या ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. जपानी माणसाचं जेवण तेव्हा मुख्यतः भात, भाज्या आणि मासळीवर चालत असे. त्यामुळे मासळीच्या सुऱ्यांचे इतके प्रकार का निपजले, ते सहज समजतं. 1982 साली जपान सरकारने साकाईच्या घडीव सुऱ्यांना पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

साकाईत एक सुरी एकटा माणूस घडवत नाही. लोहार पातं घडवतो, धार देणारा ते घासून धारेला आणतो, तिसरा मूठ बसवतो. प्रत्येक जण आयुष्यभर आपल्याच कामात तरबेज होत जातो.

लोहाराच्या हाती दोन धातू असतात: मऊ लोखंड, ज्याला जिगाने म्हणतात, आणि कडक पोलाद, म्हणजे हागाने. मऊ लोखंडाच्या पट्टीवर पोलादाची पट्टी ठेवून, मध्ये टाकणखाराची पूड घालून भट्टीत तापवतात आणि घणाखाली एकजीव करतात. तयार पात्यात पोलाद उरा बाजूला येतं आणि धार त्याच पोलादाची बनते. उतारावर नीट पाहिलं तर दोन धातूंची सीमारेषा दिसते: वर धुक्यासारखं अंधुक लोखंड, खाली चमकतं पोलाद. पूर्ण पातं पोलादाचं केलं असतं तर ते ठिसूळ झालं असतं आणि दगडावर घासायला फार वेळ लागला असता. लोखंड धक्का झेलतं आणि लवकर घासलं जातं, पोलाद धार टिकवतं.

हे पोलाद बहुधा शिमाने प्रांतातल्या यासुगी इथलं असतं. त्या भागात लोहवाळूपासून पोलाद बनवण्याची जुनी परंपरा होती. तिथल्या दोन जाती आचाऱ्यांच्या तोंडी असतात: शिरोगामी आणि आओगामी. कारखान्यात पट्ट्यांवर चिकटवलेल्या पांढऱ्या आणि निळ्या कागदावरून त्यांची ओळख ठरली. शिरोगामीत लोखंड आणि साधारण एक टक्का कार्बन, बाकी फारसं काही नाही; धार सहज आणि अतिशय तीक्ष्ण लागते. आओगामीत क्रोमियम आणि टंगस्टन घालतात. धार जास्त दिवस टिकते, पण लावायला जास्त कष्ट पडतात.

सगळ्यांत नाजूक टप्पा पाणी देण्याचा. पात्याला चिखलाचा पातळ लेप लावून वाळवतात, भट्टीत तापवतात आणि पाण्यात बुडवतात. लेपामुळे वाफेचे बुडबुडे पात्याला चिकटून राहत नाहीत आणि पातं सगळीकडून सारखं थंड होतं. भट्टीची खोली मुद्दाम अंधारी ठेवतात, कारण तापमान पोलादाच्या रंगावरूनच ओळखायचं असतं. उष्णता 800 अंश सेल्सिअसच्या आसपास हवी. थोडी जास्त झाली तर पोलादाचे कण मोठे होऊन धार ठिसूळ होते, कमी झाली तर पोलाद कडकच होत नाही. बुडवल्यावर लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात-फुगतात आणि पातं वाकतं. मग ते पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात आणि हातोडीने हळूहळू सरळ करतात.

मूठ होओ नावाच्या हलक्या लाकडाची असते, तोंडाशी बहुधा म्हशीच्या शिंगाची शेंबी. पात्याचा मागचा दांडा लालसर तापवून लाकडात जाळत बसवतात. हे लाकूड ओलं झालं तरी हातातून निसटत नाही. मासळीच्या सुरीसाठी ही गोष्ट शोभेहून फार महत्त्वाची आहे.

धार लावणाऱ्याचा वाटा

अजिकिरी घेतली की तिच्याबरोबर धारेचा दगडही घ्यावा लागतो. दुतर्फा सुरीला धार लावताना हाताने कोन सांभाळणं सर्वांत अवघड असतं. इथे ती काळजी लोहाराने आधीच घेतलेली आहे. रुंद उतार दगडावर पूर्ण टेकवला की योग्य कोन आपोआप मिळतो. ओल्या दगडावर पातं पुढेमागे घासायचं. काही वेळाने उरा बाजूला धातूची बारीक कोर उमटते, बोट हलकेच आडवं फिरवलं की ती खरखरते. मग पातं उलटून उरा दगडावर अगदी सपाट ठेवायची आणि मोजके फटकारे मारून ती कोर काढून टाकायची.

उरा फार घासली तर तिचा खोलगटपणा झिजत जातो, आणि तो पुन्हा आणणं घरच्या माणसाच्या हातातलं काम नाही. म्हणून जाणकार पुढची बाजू भरपूर घासतात आणि मागची अगदी थोडी. शेवटी धारेच्या अगदी कडेला किंचित उभ्या कोनात बारीकशी दुसरी कड देतात. मुठीजवळ ती जरा जास्त जाड ठेवतात, टोकाकडे कमी. त्यामुळे कणा तोडणाऱ्या भागाला टवके पडत नाहीत आणि मांस सोडवणारा भाग तीक्ष्ण राहतो.

हे पोलाद गंजतं. मासा कापून झाला की सुरी लगेच धुवायची, लगेच पुसायची आणि बरेच दिवस वापरायची नसेल तर कामेलियाच्या बियांच्या तेलाचा हात फिरवायचा. एवढी काळजी घेतली तर सुरी अनेक वर्षं साथ देते. दर धारेला ती कणभर लहान होत जाते आणि वापरणाऱ्याच्या हाताच्या सवयीप्रमाणे थोडी थोडी बदलतही जाते.

अख्खा मासा घरी यायला हवा

आज जपानी घरांत मासळीची जागा आक्रसते आहे. 2001 साली माणशी वर्षाला सुमारे 40 किलो मासळी खाल्ली जात होती. वीस वर्षांत हे प्रमाण सुमारे 23 किलोवर आलं, आणि 2011 च्या सुमारास मांसाने मासळीला मागे टाकलं. जी मासळी घेतली जाते तीही बरीचशी कापलेली, काटे काढलेली, पाकिटबंद. अशा घरात सगळी कामं उरकणारी सान्तोकू सुरी पुरते. आता साकाईच्या सुऱ्यांना परदेशातून मोठी मागणी आहे, पण अजिकिरीसारखी सुरी टिकण्यासाठी तेवढं पुरेसं नाही. तिचा आकार लहान माशाच्या अंगावरून ठरला आहे. तो मासा अख्खा पाटावर आला नाही तर तिच्या पात्यातलं अर्धं शहाणपण वायाच जातं.

अख्खा मासा पाटावर येण्याला आणखी महत्त्व आहे. बाजारात लहान मासे मोठ्यांपेक्षा स्वस्त असतात आणि ताजे मिळतात. ते मागे पडतात ते मुख्यतः साफ करायच्या कटकटीमुळे. ती कटकट कमी करणं हेच या सुरीचं काम. जपानच्या बंदरांवरच्या धक्क्यांवर सुट्टीच्या दिवशी आईवडील मुलांना घेऊन गळ टाकून बसतात, आणि त्या गळाला बहुतेक वेळा लहान अजीच लागतात. संध्याकाळी ते घरी आणून साफ करायचे असतात, आणि अशा हौशी मच्छीमारांना दुकानदार पहिली सुरी म्हणून हमखास को-देबा किंवा अजिकिरी सुचवतात. साकाईच्या भट्टीत पातं घडवणाऱ्या लोहाराचं भवितव्य बऱ्याच अंशी अशा घरांवर अवलंबून आहे. त्या मुलांपैकी काही जणांनी जरी झेइगो तासायला आणि काट्यावरून पातं सरकवायला शिकून घेतलं, तर त्यांच्या घरी स्वस्त, ताजा मासा नेहमी शिजेल आणि या सुरीला पुढच्या पिढीतही गिऱ्हाईक राहील.